मुळ्याच्या वाफ्यातली ट्राम

विनफ्रीड क्रेचमार यांनी मोजणीत आयुष्यभरात एकच चूक केली, आणि ती चौदा मीटर लांब होती.

माणूस लाइपझिगच्या भूमापन खात्यात अडतीस वर्षं काढून निवृत्त झालेला. कुणाची भिंत कुठे संपते आणि शेजाऱ्याचं आंगण कुठे सुरू होतं, हे सांगण्यात त्यांची हयात गेली. हमरीतुमरीवर आलेले शेजारी त्यांची टेप उलगडली की गप्प व्हायचे. असा माणूस स्वतःच्या बागेत छोट्या ट्रामची लाइन टाकायला निघाला, तर त्यात मिलिमीटरचीही गफलत होईल असं कुणाला वाटलं नसतं. त्यांना स्वतःला तर नाहीच नाही.

बाग म्हणजे शहराच्या कडेला, घराला बाग नसलेल्यांसाठी काढलेल्या 'आनंदी कुदळ' बागसंघाचा सत्तेचाळीस नंबरचा तुकडा. एक लाकडी खोपी, एक सफरचंदाचं झाड, आंबट गूजबेरीची काटेरी झुडपं, वाटाण्याचे आणि घेवड्याचे वाफे, आणि ह्या सगळ्याला लागू असलेले एकशे चार नियम. झुडपांचं कुंपण किती उंच असावं, खोपीला कोणता रंग द्यावा, दुपारी एक ते तीन कुणी किती श्वास घ्यावा, सगळं छापील. शेवटचं मी वाढवून सांगितलं, पण फार नाही.

आता ट्रामच का, तर गुडरुनमुळे. गुडरुन म्हणजे त्यांची बायको. तिने बत्तीस वर्षं शहरात ट्राम चालवली. मग एका तपासणीत डावा डोळा नापास झाला आणि नोकरीचं शेवटचं वर्ष तिला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसून काढावं लागलं. "इतकी वर्षं माणसं पोचवली, आता छत्र्या पोचवते," एवढंच ती म्हणाली, आणि निवृत्त झाल्यापासून ट्रामच्या पायरीवर तिने पाय ठेवला नाही. बाजारात जायचं तर चालत, बहिणीकडे जायचं तरी चालत. बागेत यायची, पण सफरचंदाखालच्या बाकावर कुंपणाकडे तोंड करून बसायची आणि गूजबेरीचे देठ खुडायची. पूर्वी संध्याकाळी घरी आली की ती तासभर प्रवाशांना शिव्या घालायची. क्रेचमारांना त्या शिव्यांची फार आठवण यायची. घर इतकं शांत असतं हे त्यांना लग्नाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

म्हणून त्यांनी ठरवलं, तिला ट्राम परत द्यायची. मोठी देणं आपल्या हातात नाही, तर लहान देऊ.

"विनफ्रीड, मोजायला काही उरलं नाही म्हणून हे खूळ का?" गुडरुनने विचारलं.

"नाही गं. बागेला शोभा येईल."

"शोभेला गुलाब लावतात."

आधी ट्रामची निवड. हौशी लोकांच्या जत्रेतून ते तीन छोट्या ट्रामी पारखायला म्हणून बागेत घेऊन आले आणि कुंपणालगतच्या टेबलावर मांडल्या. एक जुनी, चार चाकांची, उघड्या दारांची. दुसरी प्रागला बनायची तसली, सायीच्या रंगाची, जिच्यावर गुडरुनची उमेदीची वर्षं गेली. तिसरी आजकालची, लांबलचक आणि बुटकी. क्रेचमारांनी तक्ता आखला. लांबी, वजन, वळण घ्यायची ऐपत, पावसात टिकाऊपणा, सगळ्यांना दहापैकी गुण. शेवटच्या रकान्यावर त्यांनी 'गुडरुनचा आनंद' असं लिहिलं, आणि तिथे पेन्सिल अडली. हे कशाने मोजायचं हे अडतीस वर्षांत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सल्ला द्यायला शेजारी होतेच. अठ्ठेचाळीस नंबरच्या तुकड्याचे मालक ओटफ्रीड नागेल हे दातांचे निवृत्त डॉक्टर. समोरची वस्तू तोंड उघडून बसली आहे अशा नजरेने ते जगाकडे बघत. मूळचे हॅलेचे. हॅले आणि लाइपझिग ही अर्ध्या तासाच्या अंतरावरची दोन शहरं, आणि एवढं जवळ राहून एकमेकांबद्दल जेवढं वाईट बोलता येईल तेवढं दोघं बोलतात.

"जुनी घ्या, क्रेचमारसाहेब," नागेल कुंपणापलीकडून म्हणाले. "हिच्यात बिघडायला काही नाहीच. त्या लांबडीला तुमच्या वळणावर दाढदुखी होईल."

"आणि ही मधली?"

"ही? लाइपझिगची? ही उशिरा येते."

तेवढ्यात गुडरुन टोपली घेऊन टेबलाजवळून गेली. "त्या मधलीचं मागचं दार थंडीत गोठायचं," ती म्हणाली आणि निघून गेली. पण जाताना तिची नजर मधलीवर अर्धा सेकंद जास्त रेंगाळली. क्रेचमारांनी तो अर्धा सेकंद बरोबर टिपला आणि शेवटच्या रकान्यात मधलीला दहापैकी दहा देऊन टाकले.

एप्रिलभर ते बागेत गुडघ्यांवर होते. दोरी लावली, पातळी बघितली, चर खणला, खडी भरली. खोपीच्या पायरीपासून सफरचंदाच्या झाडापर्यंत लाइन, मध्ये एक वळण, शेवटी दीड मीटर लांबीचा चढ. त्यासाठी घेवड्याचा एक वाफा गेला. शिवाय दर शनिवारी ते गुडरुनचा बाक गुपचूप पाच अंशांनी लाइनकडे वळवत, आणि दर रविवारी बाक पुन्हा कुंपणाकडे तोंड करून उभा असे. संसार असाच चालतो.

शेवटचा रूळ बसला त्या दिवशी नागेल कुंपणावरून वाकले. डोळा बारीक करून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"क्रेचमारसाहेब, ट्राम लाइपझिगची ना?"

"अर्थात."

"लाइपझिगच्या रुळांमधलं अंतर किती?"

"एक मीटर चारशे अठ्ठावन्न मिलिमीटर," क्रेचमार छाती काढून म्हणाले. हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं.

"आणि आमच्या हॅलेत?"

"तुमचं काय, एक मीटर. अरुंद कारभार."

"मग हे जे तुम्ही अंथरलंय, ते मोठं करून बघितलं तर किती भरतं?"

क्रेचमारांनी खिशातून पट्टी काढली. रुळांना लावली. मनातल्या मनात गुणाकार केला, पुन्हा केला, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बागेसाठी दुकानात मिळणारे रूळ म्हणजे बरोबर एक मीटरची लहान आवृत्ती. कारखान्याने छोट्या ट्रामची चाकंही त्यालाच जुळवून घेतलेली, त्यामुळे सगळं बिनबोभाट बसलं होतं. ज्या माणसाने शहरातला एक कोपरा चुकू दिला नाही, त्याने स्वतःच्या बागेत चौदा मीटर हॅले अंथरून ठेवलं होतं.

"स्वागत आहे," नागेल म्हणाले आणि पुढचा आठवडाभर दिसेल त्याला सांगत सुटले, की हॅलेने लाइपझिगमध्ये शाखा काढली.

खरं तर क्रेचमार लाइन उखडायलाच निघाले होते. पण योग्य मापाचे रूळ कुठल्याच दुकानात मिळेनात, आणि उखडलेल्या जागेकडे गुडरुन पाठ करून बसली काय आणि लाइनकडे पाठ करून बसली काय, फरक तो काय पडणार! अभिमान गिळून त्यांनी ट्राम रुळावर ठेवली. वेगाची मूठ असलेली पेटी हातात घेतली, मूठ पुढे ढकलली, आणि ट्राम निघाली. वळणावर तिने आपली इवली घंटा वाजवली. क्रेचमारांना इतका आनंद झाला की त्यांनी ती अकरा वेळा वाजवली.

तेव्हा दुपारचे एक वाजून चार मिनिटं झाली होती.

एक वाजून नऊ मिनिटांनी संघाच्या अध्यक्षा हाइनिकेबाई फाटकात उभ्या. हातात घडीची लाकडी पट्टी, काखेत फाइल. बाई वाईट नव्हत्या. नियम मोडलेला त्यांना खरोखरच अंगावर रॅश उठावी तसा सहन होत नसे.

"क्रेचमारसाहेब, दुपारच्या शांततेत घंटा?"

"चुकलंच. आनंदाच्या भरात..."

"आनंदाला तीननंतर परवानगी आहे." मग त्यांची नजर लाइनवरून खोपीपासून झाडापर्यंत फिरली. "आणि इथे घेवडा होता ना?"

झालं. तिसऱ्या दिवशी पत्र आलं. संघाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक तुकड्याचा एक तृतीयांश भाग फळाभाजीखाली असलाच पाहिजे. दोनशे चाळीस चौरस मीटरच्या तुकड्यात ऐंशी हवेत. क्रेचमारांकडे पूर्वी एक्याऐंशी होते, म्हणजे पुरते सव्वाचार खडीखाली गेल्यावर कमीच पडणार. जुलैच्या पहिल्या शनिवारी पाहणी होईल, तोवर भाजीचं क्षेत्र पूर्ण करावं, नाहीतर लाइन काढावी. क्रेचमारांनी पुन्हा मोजून पाहिलं. हाइनिकेबाईंचा आकडा अचूक होता, आणि ह्याचंच त्यांना जास्त दुःख झालं.

बागेत दुसरीकडे वीतभर जागा नव्हती. गूजबेरी गुडरुनची, तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. क्रेचमार खोपीच्या पायरीवर डोकं धरून बसले. बाकावर गुडरुन पाठमोरी, देठ खुडतेय. एकदा तरी तिने वळून बघावं म्हणून केलेला हा सगळा खटाटोप आता पत्राच्या एका घडीत मावणार होता.

नागेल फाटक उघडून आत आले. एकोणीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच. क्रेचमारांनी त्यांना कॉफी दिली.

नागेलांनी कपात डोकावून पाहिलं. "इतकी पातळ, की कपाच्या तळाला रंगवलेलं फूल स्पष्ट दिसतंय. तुमची लाइपझिगची सॅक्सन कॉफी." मग घोट घेऊन म्हणाले, "हे बघा, शहरात नवीन लाइन टाकतात तेव्हा रुळांच्या मध्ये गवत लावतात की नाही?"

"लावतात."

"मग तुम्ही गवताच्या जागी भाजी लावा ना. खडीवर माती पसरा आणि मुळा पेरा. लाल, गोल, महिन्याभरात येतो. लाइनही राहील आणि वाफाही."

क्रेचमारांनी त्यांच्याकडे पाहिलं. हॅलेच्या माणसाला अक्कल असते ही गोष्ट त्यांना त्या वयात पचवायला जड गेली, पण त्यांनी ती पचवली. त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून दोन रुळांमध्ये मुळा आणि दोन्ही कडांना अळीव पेरलं. नागेलांनी दात टोकरायची आपली जुनी हत्यारं आणली आणि दोघं रुळांच्या खाचेतली माती एकेक कण करून काढत बसले. "जरा आ करा," असं नागेल मधूनच सवयीने रुळाला म्हणत.

मुळा उगवला. जरा जास्तच उगवला. तिसऱ्या आठवड्यात लाल गोळे मातीतून खांदे वर काढू लागले आणि ट्राम त्यांच्यावर पोट घासत कण्हत जाऊ लागली. मोठे उपटून खाल्ले, तर भाजी कमी भरायची भीती. म्हणून दोघं रोज सकाळी बसून फक्त आगाऊ मुळ्यांना अंगठ्याने खाली दाबत. पानं कात्रीने भादरत. त्यात पावसाळी हवेने बिनशंखाच्या गोगलगाई आल्या. त्यांना मुळ्याची पानं आवडत आणि रुळावरून चालणं त्याहून आवडे. नागेलांनी बशीत बिअर ठेवा, त्यात बुडून मरतील असं सांगितलं, हाइनिकेबाईंनी राख टाका सांगितलं, तिसऱ्या एकाने बदक पाळा सांगितलं. बदकांना संघात बंदी असल्याचं हाइनिकेबाईंनीच लगेच दाखवून दिलं.

आणि पाहणीचा शनिवार आला. सकाळी पाऊस पडून गेलेला. बारा वाजता हाइनिकेबाई आल्या, पट्टी उलगडली, वाकून मोजायला लागल्या. मुळे मोजले, अळीव मोजलं, रुळांची जागा वजा केली. फाइलीत बराच वेळ लिहिलं.

"क्षेत्र भरतंय," त्या म्हणाल्या. क्रेचमार हसणार तोच पुढे आलं, "पण रूळ वापरात असले पाहिजेत. वापरात नसतील तर भाजीत धातूचं भंगार टाकलं असं धरावं लागेल. नियम एकसष्ट. तेव्हा ट्राम माझ्यासमोर खालून वरपर्यंत गेली पाहिजे, आणि मुळा चिरडता कामा नये."

"जाईल की! रोज जाते," क्रेचमार म्हणाले. रोज ती मधल्या वळणापर्यंतच जात होती, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

मूठ पुढे केली. ट्राम निघाली, वळण घेतलं, चढाला लागली, आणि तिथेच चाकं गरगर फिरू लागली. गोगलगाईंनी रात्रीत चढावर रुपेरी पट्टे ओढून ठेवले होते. ट्राम बोटभर वर जाई आणि दोन बोटं खाली येई.

"जोर वाढवा!" नागेल ओरडले.

"जोर वाढवला की जास्त घसरते! घर्षणाचा गुणक..."

"गुणक घाला चुलीत, फडक्याने पुसा!"

"पुसायला वाकलो तर मुळे चिरडतील!"

हाइनिकेबाईंनी पेन उघडलं. मोटर केविलवाणं किंचाळत होती.

"वाळू!"

तिघांनी वळून पाहिलं. बाकावर गुडरुन पाठमोरीच होती, पण देठ खुडायचं थांबलं होतं.

"वाळू?" क्रेचमार म्हणाले.

"मग काय साखर? चाकं घसरतायत ते इथवर ऐकू येतंय, आणि तू अजून मूठ दाबून धरलीयस! सोड आधी! मोटर जाळायचीय का?" गुडरुन उठली. मांडीवरच्या गूजबेऱ्या गवतात घरंगळल्या, तिचं लक्षही गेलं नाही. खोपीत गाजरं ठेवायच्या पेटीतली कोरडी वाळू मूठभर घेऊन ती आली, चढापाशी गुडघे टेकले, आणि रांगोळीची रेघ सोडावी तशी दोन्ही रुळांवर चिमटीतून वाळू सोडत गेली. मग कपडे न झटकता उभी राहिली आणि हात पुढे केला.

"आण ती पेटी."

क्रेचमारांनी पेटी दिली.

"रूळ हॅलेचे घातलेस तेव्हा काही बोलले नाही," मूठ हातात घेत ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच दिसलं होतं. म्हटलं, असू दे, त्याच्या जिवाला बरं वाटतंय. पण चालवायची कशी, हे तरी विचारायचंस की रे."

म्हणजे ती बघत होती. पाठ करून बसलेली बाई पहिल्या दिवसापासून बघत होती.

गुडरुनने ट्राम आधी हातभर मागे घेतली. थांबवली. मग मूठ इतकी हळू पुढे नेली की ती हलतेय हे कळू नये. चाकांनी वाळू चावली, कर्र केलं, आणि सायीच्या रंगाची ट्राम मुळ्यांच्या पानांतून डोकं वर काढत चढ चढू लागली. नागेल टोपी काढून उभे राहिले. हाइनिकेबाई नीट दिसावं म्हणून पट्टी घेऊन पुढे सरकल्या, तर त्यांचा बूट रुळाच्या कडेवर.

घंटा वाजली. एकदाच, पण अशी की तिघंही दचकले.

"बाई, रुळावरून बाजूला व्हा!"

"माफ करा," हाइनिकेबाई म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरल्या. त्या संघात बाईंना माफी मागताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. ट्राम त्यांच्या समोरून ऐटीत पुढे जाऊन सफरचंदाखाली थांबली. एकही मुळा चिरडला नव्हता. बाईंनी घड्याळ बघितलं, एकाला आठ मिनिटं कमी होती, म्हणजे घंटाही नियमात बसली.

"मंजूर," त्या म्हणाल्या. आवाज जरा ओला होता. "पण नियमित फेऱ्या असतील तर वेळापत्रक लेखी लागेल. दुपारची शांतता वगळून."

क्रेचमार तक्ता आखायला पट्टी शोधू लागले. गुडरुनने बाईंच्याच फाइलीतला एक कागद ओढला, ती फाइल गुडघ्यावर ठेवली, आणि चार मिनिटांत शनिवारचं वेळापत्रक लिहून सहीसकट परत दिलं. "दर वीस मिनिटांनी," ती म्हणाली. "आणि त्या गोगलगाईंचं बघा काही तरी. लाज वाटली पाहिजे, लाइनवर असली घाण! आमच्या वेळी असला चढ दिला असता तर आम्ही संप केला असता." हे ती संध्याकाळपर्यंत बोलत राहिली. घरी जाताना बोलली, जेवताना बोलली. क्रेचमार मान डोलावत ऐकत होते आणि जगात याहून गोड काही असेल असं त्यांना वाटत नव्हतं.

पुढच्या शनिवारी दुपारी तीनची पहिली फेरी. सफरचंदाखाली टेबल मांडलेलं. नागेल आणि हाइनिकेबाई कॉफीचे कप घेऊन बसलेले. गुडरुन खुर्चीत ताठ, पेटी मांडीवर, उजवा डोळा रुळावर. बेत असा, की खोपीपाशी ट्रामला मागे नव्याने जोडलेल्या उघड्या डब्यावर चेरीच्या केकची बशी ठेवायची आणि ती वाजतगाजत वर यायची. केक कापण्यात क्रेचमारांना जरा उशीर झाला. सारखे तुकडे व्हावेत म्हणून त्यांनी तो मोजून कापला होता.

बशी घेऊन ते खोपीतून धावत निघाले.

"आलो, आलो! गुडरुन, थांब गं!"

गुडरुनने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. ते पायरी उतरले, बशी पुढे केली, बशीची कड डब्याला लागणार एवढ्यात घंटा वाजली आणि ट्राम त्यांच्या बोटांखालून निघून गेली.

"अगं पण मी हा इथे...!"

"तीन वाजले," गुडरुन वरून म्हणाली. "पुढची तीन वीसला."

नागेल कपात तोंड खुपसून हसत होते. हाइनिकेबाईंनी समाधानाने मान हलवली. रिकामी ट्राम मुळ्यांमधून डौलात चढ चढली, गुडरुनने तिला अलगद थांबवलं, आणि तिच्या ओठांवर ते जुनं, कामावरचं, कुणाचीही पर्वा नसलेलं हसू आलं.

वीस पावलं चालून गेले असते तर क्रेचमार केकसकट टेबलाशी पोचले असते. पण ते बशी सांभाळत पायरीवर बसले आणि तीन वीसची वाट बघू लागले.